पिंगट केसांना कोणतं ऊन शोभतं?

एडिंबरात लीथ भागात माझी मेकअपची छोटी खोली आहे. तिला उत्तरेकडं उघडणारी एक उंच खिडकी आहे आणि केवळ त्या खिडकीपायी मी दरमहा जास्तीचं भाडं मोजते. उत्तरेच्या उजेडात थेट ऊन नसतं, तो दिवसभर साधारण एकसारखा राहतो आणि चेहऱ्यावरचा रंग जसा आहे तसा दाखवतो. पिंगट केसांच्या गोऱ्यापान मुलीसाठी ब्रॉन्झर निवडायचा तर तो अशाच उजेडात निवडावा. हे मी एका नवरीच्या चेहऱ्यावर चूक करून शिकले.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. कोल्हापूर-पुण्यात तोवर मी दीडएकशे नवऱ्या सजवल्या होत्या, हात चांगला बसला होता. इथली ही माझी तिसरी नवरी. घासलेल्या तांब्याच्या घागरीसारखे केस, पापण्या जवळजवळ पांढऱ्या, नाकापासून खांद्यांपर्यंत फ्रेकल्सचा शिडकावा. मी माझा नेहमीचा ब्रॉन्झर काढला. उन्हात फिरून आल्याची झाक देणारी ही पावडर गव्हाळ चेहऱ्यावर सुरेख उतरायची. हॉटेलच्या आरशाभोवतीच्या पिवळ्या दिव्यांत ती या मुलीच्या चेहऱ्यावरही छान वाटली. पण चर्चच्या पायऱ्यांवर ती उजेडात आली आणि माझ्या पोटात खड्डा पडला. चेहरा शेंदरी आणि त्याखाली गळा दुधासारखा. तिच्या आईनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. पर्समधून रुमाल काढून ती फोटो सुरू होईपर्यंत मुलीच्या हनुवटीखालची कड हलक्या हातानं पुसत राहिली.

तो रुमाल मला अजून दिसतो. तेव्हापासून माझं ठाम मत झालं आहे की बाजारातले बहुतेक ब्रॉन्झर ऊन लागल्यावर रापणारी कातडी गृहीत धरून बनवलेले असतात. पिंगट केसांच्या माणसाची कातडी बहुधा रापतच नाही. तिच्यावर रापलेपण चोपडलं की ते उपरं दिसणारच.

यामागचं कारण रक्तामांसातलं आहे. रंगपेशींवर एमसीवनआर नावाच्या जनुकानं घडवलेला एक ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतो. तो नीट चालला तर पेशी तपकिरी-काळं मेलॅनिन बनवतात. तो मंद असला तर तांबूस-पिवळं फिओमेलॅनिन जास्त बनतं. या जनुकातल्या बदलांचा पिंगट केसांशी आणि फिक्या कातडीशी असलेला संबंध 1995 साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिला. उन्हात गेल्यावर अशा कातडीत तपकिरी रंग चढत नाही. ती लाल होते, भाजते, सोलवटते आणि फ्रेकल्स गडद होतात. कातडीचे प्रकार पाडणारी फिट्झपॅट्रिक यांची 1975 सालची मोजपट्टी आहे. त्यात पहिल्या क्रमांकावर हीच कातडी येते, नेहमी भाजणारी आणि कधीच न रापणारी.

म्हणजे ऊन या चेहऱ्याला काय देतं, ते आधी पाहावं. पोर्टोबेलोच्या किनाऱ्यावर टोपी घालून, सनस्क्रीन लावून तासभर चालून आलेली पिंगट केसांची मुलगी पाहा. कपाळाच्या कडेला, गालाच्या उंचवट्यावर, नाकाच्या दांडीवर जरासा गुलाबी-बदामी रंग आलेला असतो आणि ठिपके उठून दिसतात. तेवढंच द्यायचं.

आता डबीतल्या रंगाबद्दल. ब्रॉन्झरमधला रंग मुख्यतः लोखंडाच्या ऑक्साइडांचा असतो: तांबडं, पिवळं आणि काळं. तांबडं ऑक्साइड म्हणजे जवळजवळ आपला गेरूच. माझी आजी दिवाळीच्या आधी तुळशीकट्ट्याला गेरूचा हात द्यायची. गेरू जास्त दाट कालवला तर कट्टा विटेसारखा दिसतो, हे मला तिथं बसून कळलं होतं. ब्रॉन्झरचं गणितही तसंच आहे. तांबडं आणि पिवळं वाढलं की नारिंगी. त्यावर उपाय म्हणून काळं वाढवलं तर पांढऱ्या कातडीवर रंग मळकट दिसतो, मार लागल्यासारखा. या मुलींना हवा असतो कोरड्या बिस्किटाचा फिका रंग, त्यात गुलाबीची किंचित झाक. कातडीपेक्षा एक छटा गडद, फार तर दोन. 'हूला'सारख्या नावाजलेल्या ब्रॉन्झरची 'लाइट' नावाची फिकी छटाही आता मिळते, ही चांगली गोष्ट आहे. तरी डबीवरच्या नावावर विसंबू नये.

मी मुलींना तीन गोष्टी करायला लावते. पहिली, रंग मनगटावर न लावता जबड्याच्या कडेला लावायचा आणि पाच मिनिटं थांबायचं. ही कातडी नुसती चोळली तरी लाल होते, त्यामुळं लगेच पाहिलं तर रंग खोटा दिसतो. दुसरी, केसांची एक बट ओढून त्या रंगाशेजारी धरायची. दोन्ही एकसारखे दिसले तर डबी परत ठेवायची, कारण मग चेहरा आणि केस एकमेकांत विरघळतात आणि त्या सुंदर केसांचं तेजच जातं. तिसरी, दुकानातून बाहेर पडून तासाभरानं पुन्हा आरसा पाहायचा. काही पावडरी कातडीच्या तेलात मुरल्यावर गडद होतात. एवढ्या खटाटोपाला मुली कधी कंटाळतात. मी त्यांना घाई करू देत नाही.

लावताना माझी पसंती क्रीमला. इथल्या थंडीवाऱ्यानं गाल कोरडे पडतात आणि पावडर त्यांवर पापुद्र्यासारखी बसते. आधी सनस्क्रीन, ते मुरेपर्यंत थांबायचं. मग मोठा, मऊ, विरळ केसांचा ब्रश क्रीमला जेमतेम टेकवून आधी हाताच्या पाठीवर फिरवायचा. चेहऱ्याला तो कानशिलाजवळ, केसांच्या मुळाशी पहिल्यांदा लागला पाहिजे. तिथून गालाच्या उंचवट्यावर पुढं यायचं, डोळ्याच्या मधल्या रेषेपर्यंत आलं की थांबायचं. कपाळाची वरची कड, नाकाच्या दांडीवर एकच फेर, मग उरलेला रंग जबड्यावरून गळ्यावर उतरवायचा. गळा विसरलात तर माझ्या त्या नवरीसारखं होईल. गालाच्या हाडाखालच्या खळग्यात हा रंग भरू नये, ते सावलीचं काम आहे आणि सावलीचा रंग वेगळा. चमकीचा ब्रॉन्झर मी या मुलींना लावत नाही. ठिपक्यांवर चमकी बसली की चेहरा तेलकट दिसतो. मस्कारा तपकिरी.

फ्रेकल्सवर जाड फाउंडेशन थापून वर ब्रॉन्झर लावायचा, ही इथल्या अनेक मेकअपवाल्यांची रीत मला मान्य नाही. आधी माणसाचा चेहरा पुसायचा आणि मग त्यावर दुसऱ्याचा रंगवायचा, असा तो प्रकार आहे. शाळेत केसांवरून 'जिंजर' म्हणून चिडवून घेतलेल्या मुली माझ्या खुर्चीत बसतात. फिकट, आजारी दिसणाऱ्याला इथल्या बोलीत 'पीली-वॉली' म्हणतात. मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला 'पिवळी' असंच ऐकू आलं होतं. सुट्टीवरून रापून येणं ही इथं मौजेची खूण समजली जाते, आणि या मुली स्पेनहून परततात त्या एक तर जशाच्या तशा किंवा भाजून. मग काही जणी सनबेडचा, म्हणजे कातडी रापवणाऱ्या दिव्यांचा, रस्ता धरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2009 साली सनबेड कर्करोगकारक म्हणून जाहीर केले. स्कॉटलंडमध्ये त्याच वर्षापासून अठरा वर्षांखालच्या मुलांना ते वापरू देण्यावर बंदी आहे. फिओमेलॅनिनची कातडी आधीच मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाच्या, जास्त धोक्यात असते. अशा मुलीला माझ्या हातातला ब्रश हा अधिक चांगला पर्याय वाटावा, एवढ्यासाठी तरी तो रंग तिला शोभला पाहिजे.

पुण्यात मी याच्या उलट पाप केलं आहे, तेही सांगते. सावळ्या नवरीला दोन छटा उजळ फाउंडेशन लावून द्या, अशी सासरमाहेरची मागणी असायची आणि मी ती पुरवली. अल्बममध्ये त्या मुलींचे चेहरे राखाडी दिसतात आणि हात त्यांचे स्वतःचे. तिथं उजळ, इथं रापलेलं. आज मी तसं करणार नाही.

गेल्या महिन्यात शाळेच्या निरोपाच्या नाचासाठी एक सतरा वर्षांची मुलगी आली, सोबत तिची आजी. "हे ठिपके झाकाल ना?" मुलीनं आल्याआल्या विचारलं. मी म्हटलं, "आधी थोडा रंग लावू दे. नाही आवडला तर झाकेन." क्रीम लावलं, गळ्यापर्यंत उतरवलं आणि तिला खिडकीशी नेलं. ती आरसा हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली, मान या बाजूला, त्या बाजूला वळवत. झाकण्याचं तिनं पुन्हा काढलं नाही.

आजीचे केस आता पांढरे झालेत. "माझेही असेच होते," ती म्हणाली, "नाकावर, खांद्यांवर. मी लिंबू चोळायचे. आग व्हायची नुसती." मग खुर्ची पुढं ओढून तिनं चष्मा काढला. "ब्रशला उरलं असेल तर मलाही लावतेस का जरा?"

एका गालापुरतं उरलं होतं. दुसऱ्यासाठी मी ब्रश पुन्हा डबीला टेकवला.