चिकाटी नव्हे, शेजारचे टेबल



गेल्या अंकात आपल्यातल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी लिहिले होते, की भारतातली हल्लीची मुले दोन ओळींचा एरर आला की हातपाय गाळतात; आमच्या वेळी आम्ही रात्र रात्र बसून सॉफ्टवेअर कंपाइल करत असू. पत्र वाचून मला राग आला. त्यातला निम्मा राग माझ्यावरच होता, म्हणून हे उत्तर.

मराठवाड्यातल्या एका कॉलेजात एम.एस्सी. करणाऱ्या मुलीने मला मध्यंतरी ईमेल केली. (ओळखीच्या ओळखीतून. अशा ईमेल्स आपल्या सगळ्यांनाच येतात.) तिला आपल्या जिल्ह्यातल्या पावसाचा अभ्यास करायचा होता. पुण्याच्या हवामान विभागाकडे १९०१पासूनचा रोजचा पाऊस पाव अंशाच्या चौकटींमध्ये मांडलेला आहे आणि तो नेटसीडीएफ नावाच्या फॉरमॅटमध्ये मिळतो. तो वाचायला पायथनचे एक पॅकेज लागते. ते टाकताना पडद्यावरून दोनेकशे ओळी धावल्या आणि शेवटी ‘एचडीएफ५ची हेडर्स सापडली नाहीत’ असे सांगून सगळे थांबले. मी विमानतळावरून एका ओळीचे उत्तर पाठवले: "डेव्ह पॅकेजेस इन्स्टॉल कर." तीन आठवड्यांनी तिची ईमेल आली. "सर, डेव्ह पॅकेज म्हणजे काय ते समजले नाही. लॅबमधल्या मशीनचा पासवर्डही आम्हाला देत नाहीत. मी विषय बदलला आहे. वेळ दिल्याबद्दल आभार."

माझ्या त्या एका ओळीत काय काय गृहीत धरलेले होते ते बघा. सी भाषेतल्या लायब्ररीचे दोन भाग असतात. एक, प्रत्यक्ष काम करणारा यंत्रभाषेतला. दुसरा, हेडर फाइल, म्हणजे या लायब्ररीत कोणती फंक्शन्स आहेत, ती काय घेतात, काय परत देतात याची साध्या मजकुरातली यादी. तयार प्रोग्रॅम चालवायला पहिला भाग पुरतो, नवा कंपाइल करायला दुसराही लागतो. डेबियन-उबुंटूने हे दोन भाग वेगवेगळ्या पॅकेजांत घातले आणि दुसऱ्याच्या नावाला ‘डेव्ह’ जोडले; रेडहॅट-फेडोराने ‘डेव्हेल’. ज्याला फक्त वापरायचे आहे त्याच्या डिस्कवर उगाच ओझे नको, हा विचार वाजवीच होता. पण त्यामुळे होते असे, की लायब्ररी मशीनवर असते आणि तरी कंपाइलर म्हणतो, फाइल नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, हे नवशिक्याला कोणी सांगायचे? मॅकवालेही यातून सुटलेले नाहीत. २०१८च्या मोहावी आवृत्तीत ॲपलने हेडर्सची नेहमीची जागाच काढून टाकली, तेव्हा आपल्यापैकी किती जण कपाळाला हात लावून बसले होते ते आठवा.

आणि तिला मुळात कंपाइल करायची गरजच नव्हती. लिनक्ससाठी आधीच बांधून ठेवलेली ‘व्हील’ पॅकेजेस २०१६पासून मिळतात. पण पायथनची नवी आवृत्ती दर ऑक्टोबरात येते आणि सगळ्या पॅकेजेसची व्हील्स तिच्यासाठी तयार व्हायला वेळ लागतो. तिने नवीकोरी आवृत्ती घेतली होती. पिपला व्हील मिळाले नाही, तेव्हा त्याने मूळ सोर्स उतरवला आणि तो कंपाइल करायला घेतला. पायथनची एक आवृत्ती मागे गेली असती तर काम झाले असते, तेही आपल्या होम डिरेक्टरीत, कोणाचा पासवर्ड न मागता. आवृत्तीचा आकडा तिने जोडलेल्या आउटपुटच्या वरच्या चार ओळींतच होता. ती फाइल मी उघडली, पण तिने विषय बदलल्यावर.

आता चिकाटीबद्दल. २००४ साली मी पीएच.डी.साठी इथे आलो तेव्हा पहिल्याच महिन्यात मला हाच एरर आला होता, लायब्ररी वेगळी. शेजारच्या टेबलावरच्या सीनियरने मान वळवून पाहिले, एक कमांड टाइप केली आणि परत आपल्या कॉफीकडे वळला. एक मिनिटही लागले नाही. आपल्या ‘रात्र रात्र’च्या कथांमधून हा शेजारी नेमका गायब असतो. मी रात्री जागलो नाही असे नाही, पण जागायचे कशासाठी हे मला कोणीतरी आधी सांगितले होते. दर एप्रिलमध्ये फुले-आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमात आपण ज्ञानाच्या मक्तेदारीवर बोलतो. ‘डेव्ह पॅकेजेस इन्स्टॉल कर’ हे वाक्य मला त्याच जातकुळीचे वाटते. ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच ते कळते, आणि ज्याला कळत नाही त्याला आपण आळशी ठरवतो.

कोणी म्हणेल, हल्ली चॅटबॉटला विचारले की झाले. विचारून पाहिले. त्याने बरोबर पॅकेजांची नावे दिली, आणि पुढे ‘सुडो’. पासवर्ड तिच्याकडे नव्हताच.

दोष ही सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना देऊ नका. १० एप्रिल २०१९ रोजी कृष्णविवराचे पहिले छायाचित्र प्रसिद्ध झाले, त्यामागे नमपाय, मॅटप्लॉटलिब अशी फुकट मिळणारी साधने होती. पाचच दिवसांनी सायपायसाठी मागितलेले अनुदान एनएसएफने नाकारले. कारण काय, तर पुरेसा प्रभाव दिसत नाही! नेटसीडीएफ ज्यांनी घडवले त्या बोल्डरच्या युनिडेटाचा निधी २०२५च्या मे महिन्यात खंडित झाला आणि बहुतेक कामे थांबवावी लागली. म्हणजे लातूरचा पाऊस ज्या फॉरमॅटमध्ये ठेवला आहे, तो सांभाळणारी माणसे कोलोरॅडोत घरी बसली होती. ज्यांना पगार मिळेल की नाही याची खात्री नाही, त्यांनी एरर मेसेज मराठवाड्यातल्या मुलीला समजेल असा लिहावा, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? आणि याच साधनांवर आपले पेपर निघाले, आपल्यातल्या कित्येकांच्या कंपन्या चालल्या. आपण शाळांना जुने लॅपटॉप पाठवतो, त्याचे फोटो या पत्रात छापतो. लॅपटॉप उघडल्यावर पुढे काय, ते आपण विचारत नाही.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने छोटे छोटे धडे मराठीतही आणले आहेत, आणि ते खरोखर चांगले काम आहे. पण धडा सुरळीत चालतो तेव्हाचा असतो. अडकल्यावर माणूस लागतो.

दर शनिवारी सकाळी ९ ते ११, ईस्टर्न वेळेने, मी अशा प्रश्नांसाठी ऑनलाइन बसणार आहे. भारतात तेव्हा संध्याकाळ असते. आउटपुट पूर्ण पाठवावे, पहिला एरर कुठे आला ते आपण सोबत शोधू. मॅक आणि विंडोज जाणणारे आणखी तीन-चार जण हवे आहेत. ते ज्येष्ठ सदस्य आले तर मला विशेष आनंद होईल, हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही.

त्या मुलीला मी पुन्हा सविस्तर लिहिले आहे. अजून उत्तर आलेले नाही.