इंग्रजीची नापासी आणि आत्मसन्मानाचे दुकान

खेड्यातील आणि कामगार वस्तीतील मुले शाळेत इंग्रजीत मागे का पडतात, या जुन्या प्रश्नाला अलीकडे एक गोंडस उत्तर सापडले आहे. या मुलांपाशी म्हणे आत्मसन्मान नाही! स्वतःविषयीची त्यांची प्रतिमा दुबळी आहे; ती उंचावली की इंग्रजीचे गुणही आपोआप उंचावतील. मग शाळाशाळांतून व्यक्तिमत्त्वविकासाची शिबिरे भरतात. टाय बांधलेला व्याख्याता येतो, दीड-दोनशे मुलांकडून 'मी करू शकतो, मी करणारच' असे मोठ्याने वदवून घेतो आणि मानधनाचे पाकीट खिशात घालून पुढच्या गावी जातो. त्याच शाळेत इंग्रजी कोण शिकवितो, त्याला स्वतःला ती भाषा किती येते, वर्गात किती मुले आहेत, याची वाच्यता त्या सभेत होत नाही.

या मताला विद्वत्तेचे वस्त्र चढविण्याचे काम शिक्षणशास्त्राची महाविद्यालये करतात. मॉरिस रोझेनबर्ग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने न्यूयॉर्क राज्यातील माध्यमिक विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी तयार केलेली दहा विधानांची प्रश्नावली १९६५ साली प्रसिद्ध झाली. तीच किंवा तिच्यासारखी दुसरी भाषांतरित करून मुलांपुढे ठेवावयाची. तिचे गुण एका रकान्यात आणि इंग्रजीचे गुण दुसऱ्या रकान्यात मांडावयाचे. दोहोंत धन सहसंबंध आढळला की प्रबंध सिद्ध! बापाची मजुरी, आईचे शिक्षण, घरातील पुस्तके, शिक्षकांच्या रिकाम्या जागा असा तिसरा रकाना सहसा कोणी मांडीत नाही. आणि दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून पहिलीने दुसरी घडविली असे कोणी ठरविले? चार वर्षे ओळीने इंग्रजीत नापास होणारा मुलगा 'मी काही कामाचा नाही' या विधानापुढे होकाराची खूण करतो, तेव्हा तो आपल्या अपयशाचे कारण सांगत नसतो. चार वर्षांत शाळेने आपल्याला काय शिकविले, त्याचा प्रामाणिक अहवाल तो देत असतो.

ज्या अमेरिकेतून हे औषध आले, तेथेही त्याचा गुण आलेला नाही. कॅलिफोर्निया राज्याने १९८६ साली जॉन व्हास्कॉन्सेलॉस या आमदाराच्या पुढाकाराने आत्मसन्मानवृद्धीसाठी एक सरकारी कृतिगट नेमला. १९९० साली त्याचा अहवाल आला. गुन्हेगारी, व्यसने, शाळेतील अपयश या सर्वांवर आत्मसन्मान ही सामाजिक लस ठरेल, अशी आशा त्यामागे होती. वस्त्यांतील दारिद्र्याला हात न लावता दारिद्र्याचे परिणाम नाहीसे करणारी लस कोणत्या राज्यकर्त्याला नको असेल? पुढे २००३ साली रॉय बॉमायस्टर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाची साक्षेपी छाननी केली. आत्मसन्मान आणि शालेय यश यांचा संबंध बेताचाच आहे. उंच आत्मसन्मानामुळे चांगले यश मिळते असे दिसत नाही. उलट तो अंशतः चांगल्या यशाचाच परिणाम असतो, असा निष्कर्ष त्यांना काढावा लागला. वस्तुतः बॉमायस्टर हे एके काळी आत्मसन्मानाच्या बाजूचेच संशोधक! त्यानंतर २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कमी गुण मिळविणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दर आठवड्याला स्वतःविषयी बरे वाटावे असे संदेश पाठविण्यात आले, तर तळाच्या विद्यार्थ्यांचे गुण वाढण्याऐवजी घसरले.

याचा अर्थ मुलांच्या मनाला काही किंमत नाही, असा मात्र नव्हे. आपल्यातील काही पोथीनिष्ठ मंडळी 'मन' हा शब्द ऐकताच त्याला भांडवलशाहीची भानगड समजून हात झटकतात. तो मार्ग आपला नाही. विशिष्ट विषयातील आत्मविश्वास आणि त्या विषयातील प्रगती एकमेकींना हात देत वर चढतात, हे हर्बर्ट मार्श यांच्यासारख्या अभ्यासकांनी चांगले दाखवून दिले आहे. परक्या भाषेच्या तासाला वाटणारी भीती ही एक वेगळी, मोजता येण्याजोगी गोष्ट आहे, हेही १९८६ पासून मान्य झाले आहे. उभे राहून धडा वाचावयास सांगितल्यावर घशाला कोरड पडणारे मूल ज्याने पाहिले आहे, त्याला ते प्रश्नावलीने सिद्ध करून दाखविण्याची गरज नाही. आपला प्रश्न निराळा आहे. ही भीती मुलाच्या पोटात जन्मतः असते, की ती कोणी बाहेरून घालतो?

याचे उत्तर उत्तर प्रदेशातील एका प्रयोगाने दिले आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी तेथील ग्रामीण भागातील सहावी-सातवीच्या मुलग्यांना कागदावरील चक्रव्यूहाची कोडी सोडवावयास दिली. ३२१ मुले उच्च जातींची, ३२१ दलित जातींची. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत फरक दिसला नाही. मग सर्वांसमक्ष नाव आणि जात पुकारण्यात आली, आणि दलित मुलांची कामगिरी लक्षणीयरीत्या घसरली. बुद्धी तीच, कोडी त्याच जातीची. बदलले ते एवढेच की आपण कोण आहो आणि जग आपल्याला काय समजते, याची मुलांना जाहीर आठवण करून देण्यात आली. हा प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. आमच्या शाळांतून ही पुकारणी रोज होते. तिला प्रयोग म्हणत नाहीत, हजेरी म्हणतात. आणि इंग्रजीच्या तासाला जातीच्या जोडीला उच्चार येतो. मुलाच्या तोंडून निघालेल्या पहिल्याच शब्दावर वर्ग हसतो, त्या हसण्यात गुरुजीही सामील होतात, आणि मुलाचा पत्ता, जात, बापाचा धंदा त्या एका उच्चारात पुकारला जातो.

इंग्रजीचा हा अपमान किती दूरवर पाठ पुरवितो, ते पाहावयाचे असेल तर १९६७ च्या बिहारकडे पाहावे. महामायाप्रसाद सिंह यांच्या संयुक्त विधायक दलाच्या सरकारात संयुक्त समाजवादी पक्षाचे कर्पूरी ठाकूर उपमुख्यमंत्री होते आणि शिक्षणखाते त्यांच्याकडे होते. न्हाव्याच्या घरात जन्मलेल्या या माणसाने मॅट्रिकच्या परीक्षेत इंग्रजी उत्तीर्ण होण्याची सक्ती काढून टाकली. एस. एम. जोशींसारखे नेते त्या पक्षाच्या अग्रभागी होते, आणि पुण्याचे मधु लिमये लोकसभेत बिहारच्याच मुंगेरचे प्रतिनिधित्व करीत होते; तेव्हा महाराष्ट्रातील समाजवाद्यांना हा निर्णय परका नव्हता. इतर सर्व विषयांत उत्तीर्ण होऊनही केवळ इंग्रजीपायी घरी बसावे लागणाऱ्या मुलांना, विशेषतः मागास जातींतील मुलांना आणि मुलींना, या निर्णयाने दार उघडे झाले.

प्रस्थापितांनी काय केले? या मुलांना त्यांनी एक नाव दिले : 'कर्पूरी डिव्हिजन'. पहिला वर्ग, दुसरा वर्ग, तिसरा वर्ग आणि कर्पूरी डिव्हिजन! गणितात, इतिहासात, हिंदीत रीतसर उत्तीर्ण झालेल्या मुलाच्या कपाळावर हा शिक्का मारला गेला, आणि मारणारे बहुतेक तेच होते ज्यांच्या घरी इंग्रजी वडिलोपार्जित इस्टेटीसारखे चालत आले होते. बिहारच्या खेड्यातील शाळांत इंग्रजी शिकवितो कोण, हा प्रश्न या थट्टेखोरांपैकी कितींनी विचारला? कर्पूरींना २०२४ साली मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले, तेव्हा स्तुतिसुमने उधळणाऱ्यांत त्या थट्टेचे वारसही होते. मुलांच्या आत्मसन्मानाची ज्यांना आज एवढी चिंता वाटते, त्यांनी या एका शब्दाने किती मुलांची मान खाली गेली, याचा हिशेब आधी द्यावा.

पण बिहारचा धडा येथे संपत नाही, आणि तो आपल्यालाही काहीसा कडू लागेल. नापासीचा शिक्का निघाला, तरी कचेरीतील, न्यायालयातील, नोकरीच्या मुलाखतीतील इंग्रजीचे आसन हलले नाही. सक्ती गेली ती गरिबाच्या परीक्षेतून. श्रीमंताच्या शाळेतून इंग्रजी तसूभरही हलले नाही. डॉ. लोहियांचा विरोध इंग्रजीच्या ज्ञानाला नव्हता, त्या भाषेच्या जोरावर चालणाऱ्या मूठभरांच्या सत्तेला होता. हा भेद विसरून नुसते 'इंग्रजी नको' म्हणणे म्हणजे मुलाला दाराबाहेरच ठेवून दार नाहीच असे सांगणे. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ च्या 'काव्यफुले' या संग्रहात शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचा जो आग्रह केला, तो काही साहेबाच्या प्रेमापोटी नव्हे.

महाराष्ट्राने याच्या उलट वाट धरली, आणि तीही अर्धीच चालली. पूर्वी मराठी शाळांत पाचवीपासून असणारे इंग्रजी २००० सालच्या जूनपासून पहिलीपासून आले. घोषणा मोठी झाली. पण ज्यांचे स्वतःचे इंग्रजी पाचवीत सुरू झाले आणि भाषांतर-पाठांतरावर पोसले गेले, त्याच शिक्षकांच्या खांद्यावर तुटपुंज्या प्रशिक्षणानिशी हे ओझे टाकण्यात आले. वर्षे वाढली, रीत तीच राहिली : गुरुजींनी वाक्य वाचावयाचे, त्याचा मराठी अर्थ सांगावयाचा, फळ्यावरील उत्तर मुलांनी उतरवून घ्यावयाचे, परीक्षेआधी गाईड पाठ करावयाचे. देशभरातील ग्रामीण मुलांची पाहणी करणारा 'असर' अहवाल सांगतो की साधी इंग्रजी वाक्ये वाचू शकणारी आठवीतील मुले २००९ साली शेकडा ६०.२ होती, ती २०१६ साली शेकडा ४५.२ वर आली. सात वर्षांत देशातील मुलांचा आत्मसन्मान एकाएकी खचला, असे म्हणावयाचे आहे काय?

अशा शाळेला विटून हमाली करणारा बाप पोटाला चिमटा घेऊन मुलाला खाजगी इंग्रजी शाळेत घालतो, आणि तेथे काही ठिकाणी मराठी बोलल्याबद्दल त्या मुलाला दंड होतो. म्हणजे आईची भाषा बोलणे हा गुन्हा ठरवावयाचा आणि मग त्याच मुलाला आत्मसन्मानाचे व्याख्यान द्यावयाचे!

स्वाभिमान हा शब्द आपल्याला कोणी शिकवावा अशी वेळ आलेली नाही. १९२७ साली महाडच्या तळ्याचे पाणी प्यावयास निघालेल्या हजारोंना बाबासाहेबांनी आरशापुढे उभे राहून स्वतःची स्तुती करावयास सांगितले नव्हते. हक्क बजावताना, दहाजणांच्या खांद्याला खांदा लावून चालताना, जी ताठ मान येते तिचे नाव स्वाभिमान. शाळेतही तो असाच येतो. न हसता ऐकून घेणारा वर्ग, मराठीतून प्रश्न विचारण्याची मोकळीक, समजेल असे इंग्रजी पुस्तक, चूक झाल्यावर पुन्हा समजावणारा शिक्षक आणि मग एके दिवशी स्वतःच्या बळावर वाचलेले पहिले पान यांतून तो येतो.

कार्यकर्त्यांच्या हाती याबाबत एक साधन आहे आणि ते बहुतेक ठिकाणी गंजत पडले आहे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानुसार सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतून शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. या समित्या कागदावर भरतात, सह्या घरपोच होतात. आपल्या कार्यकर्त्यांनी आणि विशेषतः कार्यकर्तींनी तेथे जाऊन बसावे. इंग्रजीच्या शिक्षकाला गेल्या तीन वर्षांत किती दिवसांचे आणि कसले प्रशिक्षण मिळाले, किती जागा रिक्त आहेत, ग्रंथालयात मुलांना वाचता येतील अशी सोपी इंग्रजी पुस्तके किती, नापास आणि मागे पडलेल्या मुलांसाठी वेगळा तास कोण घेतो, हे विचारावे. उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत आणि ती घेऊन तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे मोर्चा न्यावा. पुढच्या वेळी टायवाला व्याख्याता येणार असेल, तर त्याच्या मानधनात गोष्टींची किती पुस्तके आली असती, हेही त्याच बैठकीत विचारून घ्यावे.