साखळी-दोऱ्याचा हार : हुन्नर आपले, नफा कुणाचा?

आम्ही कापडाचे आणि सुताचे व्यापारी. गळ्यातल्या हारावर आम्ही लिहावे, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. परंतु अलीकडे बाजारात साखळी आणि रंगीत दोरा एकत्र गुंफून केलेल्या ठसठशीत हारांना जी मागणी आहे, तिच्यामुळे आमच्यासारख्या दोरा विकणाऱ्यांच्या दुकानी मुंबईचे व्यापारी येऊ लागले आहेत. या धंद्यात आम्ही एकदा हात घातला, त्यात हात पोळले आणि त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्यांचे पोळविले. त्याचा हिशोब आपल्या बंधूंपुढे मांडणे आम्हांस जरूर वाटते.

प्रथम हे लक्षात घ्यावे की ही नवी फॅशन मुळीच नवी नाही. धातू आणि दोरा यांची जोडी जमविणे हा पटवेगाराचा पिढीजात धंदा. सोनार मणी घडवितो, पुतळ्या ठोकतो. पण ते मणी रेशमात ओवून, गाठी मारून, मागे गोंडा लावून हार गळ्यात नीट बसविण्याचे काम पटवेगाराचे. ठुशीच्या मागची दोरी ओढली की ती गळ्याबरोबर होते आणि सैल केली की खाली येते, ती करामत सोनाराची नव्हे, पटवेगाराच्या सरकगाठीची. महाराष्ट्रात व कर्नाटकात पटवेगार, पटवेकरी ही आडनावे मुसलमानांत आजही आहेत, हिंदूंतही पटवेकरी आहेत. उर्दूत या कारागिराला अलाकाबंद असेही म्हणतात. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, त्यामुळे हा शब्द आम्हांस लहानपणापासून ठाऊक होता; पण तो ज्याच्यासाठी आहे तो माणूस आमच्याच गल्लीच्या टोकाला बसतो, हे आम्हांस फार उशिरा कळले. व्यापाऱ्याचे असेच असते. त्याला मालाची नावे पाठ असतात, माणसांची नसतात.

पूर्वी लग्नसराईत पटवेगाराच्या पाटाभोवती बायकांची गर्दी असे. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून तो ताणून धरायचा आणि दोन्ही हातांनी जरीचे वेढे द्यायचे, असे ते काम. पुढे यंत्रावरच्या साखळ्या आल्या, तयार हूक आले, इमिटेशनचा हार पाकिटात बंद होऊन मिळू लागला. मग ओवणाऱ्याची गरज किती उरणार? कोणी रिक्षा घेतली, कोणी बांगड्यांचे दुकान टाकले. घरातल्या मुलींच्या हातांत मात्र कला राहिली. राखी, गोंडे, साडीच्या पदराची झालर यांवर ती तग धरून आहे.

२०२२ च्या आरंभी मुंबईच्या एका व्यापाऱ्याने आमच्याकडे नमुना आणला. दोन जाड कड्यांच्या साखळ्या आणि मरून रंगाच्या दोऱ्याची एक लड, अशी तीन पेडांची वेणी. टोकांना धातूच्या टोप्या, कडी आणि हूक. मुंबईतल्या एका दुकानी त्यास साडेचारशे रुपये किंमत लावलेली आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिली. व्यापारी म्हणाला, ईदपूर्वी दोनशे चाळीस नग पाहिजेत, एकशे तीस रुपये देईन. आम्ही होकार दिला. सोलापुरात आमच्या मोहल्ल्यातील आठ स्त्रियांकडे काम वाटले. त्यांची मुखत्यारी एका आपांकडे होती. त्यांचे माहेर पटवेगारांचे.

हे काम दिसते तितके सोपे नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. तयार वेणी अठरा इंच हवी असेल तर प्रत्येक पेड चोवीस इंचांचा धरावा लागतो, कारण वळताना लांबी खाल्ली जाते. नवखा व्यापारी अठरा इंचांच्या हिशोबाने साखळी घेतो आणि तिथेच बुडतो. साखळीची प्रत्येक कडी जिथे मिटलेली असते तो सांधा बोटाने तपासावा. सांधा उघडा असला तर दोरा त्या फटीत शिरून निसटतो, आणि सांध्याला धार असली तर महिन्याभरात दोरा कुरतडला जाऊन हाराला केस येतात. आपा तसल्या कड्या बारीक कानशीने घासून घेत. लोखंडी साखळीवर मुलामा असतो, ती स्वस्त पडते. पण मुलामा घामाने उडतो आणि गंज दोऱ्यात उतरतो. पितळेची साखळी महाग आणि जड. ॲल्युमिनियमची हलकी, गंजत नाही, मोठ्या हाराला तीच बरी. निकेलच्या मुलाम्याने कित्येकांच्या मानेला खाज सुटते, हे तर गिऱ्हाईक स्वतःच येऊन सांगते.

काम अर्ध्यावर असताना व्यापाऱ्याचा निरोप आला की पुढच्या मालात मध्यभागी चार बोटे भाग दोऱ्याने पूर्ण गुंडाळलेला पाहिजे, आणि तयार नगांतही तसा करून द्यावा. आम्ही "ठीक आहे" म्हणून टाकले. दाम वाढवून मागितले नाहीत, मजुरीही वाढविली नाही. चार बोटांचा प्रश्न, त्यात काय! पुढे एकदा फुटपट्टी घेऊन बसलो तेव्हा डोळे उघडले. पेडांचा जुडगा सहा मिलिमीटर जाड, म्हणजे एका वेढ्यास सुमारे एकोणीस मिलिमीटर दोरा. दोरा अर्धा मिलिमीटर जाड. दहा सेंटिमीटर भाग झाकायचा तर दोनशे वेढे बसतात आणि जवळजवळ चार मीटर दोरा जातो. दोऱ्याची किंमत फार नव्हे, परंतु दोनशे वेढे, तेही एकावर एक न चढता, शेजारी शेजारी, एकसारख्या ताणात! सोप्या नगास तास-सव्वा तास लागे, तो आता दोन तासांवर गेला. मजुरी नगाला पस्तीस रुपये ठरली होती, ती पस्तीसच राहिली.

आता आमच्या चुकीकडे येतो. मरून दोरा आम्हीच दिला होता. व्हिस्कोसच्या रिळांचा एक लॉट आम्हांस स्वस्तात मिळाला होता आणि चमक अशी की रेशमाला लाजवील. रंग पक्का आहे काय, हे आम्ही विचारले नाही. तीस वर्षे सुताच्या धंद्यात घालवूनही विचारले नाही, कारण भाव चांगला होता. पांढरे सुती फडके मिठाच्या पाण्यात भिजवून दोऱ्यावर वीस-पंचवीस वेळा घासले असते तर त्याच मिनिटाला कळले असते. त्या वर्षी रमजान ईद मेच्या सुरुवातीस आली. उन्हाळ्यात मानेला घाम येणारच. ईद झाल्यावर आठवड्याभरात एकशे पन्नास नग परत आले. कुणाच्या पांढऱ्या कुर्त्याची गळपट्टी लाल, कुणाच्या ओढणीवर डाग.

आम्ही व्यापाऱ्यास काही बोलू शकलो नाही. मग आम्ही काय केले? परत आलेल्या नगांची मजुरी अर्धी कापली. एकशे पन्नास नग, पस्तीस रुपयांप्रमाणे पाच हजार दोनशे पन्नास, त्याचे अर्धे दोन हजार सहाशे पंचवीस. शिवाय त्याच स्त्रियांकडून ते हार उसवून घेतले, म्हणजे साखळ्या, टोप्या व हूक पुन्हा उपयोगी पडावेत. उसवण्याचे पैसे दिले नाहीत. त्या वेळी आम्हांस हा व्यवहार अगदी रीतसर वाटला. माल परत आला की मजुरी कापणे ही बाजाराची रीतच आहे, आमचे वडीलही तसेच करीत.

आपा पैसे मोजून घेतल्यावर उठल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "चाचा, दोरा तो तुम्हारीच दुकान का था ना?"

एवढेच. भांडण नाही, आवाज नाही. आम्ही "हो, पण" असे काहीतरी बोललो. तो "पण" पुढे चार महिने आमच्या मागे लागला. शेवटी एके दिवशी वही काढली. साखळ्या व हूक परत मिळालेले, त्यांचे नुकसान शून्य. वाया गेलेला दोरा नगास चौदा रुपयांप्रमाणे दोन हजार एकशे रुपयांचा. म्हणजे आमच्या खराब दोऱ्याचे नुकसान दोन हजार एकशे, आणि त्यापोटी स्त्रियांच्या मजुरीतून आम्ही कापलेले दोन हजार सहाशे पंचवीस! उरलेली अर्धी मजुरी आम्ही गमावली आणि नफाही गेला, हे खरे. पण तो आमच्या धंद्याचा धोका होता, त्यांच्या नव्हे. त्यांनी गाठ चुकविली नव्हती.

कापलेली रक्कम आणि उसवण्याचे पैसे घेऊन आम्ही स्वतः गेलो. सात जणींना ते पोचले आणि त्यांनी ते मुकाट्याने घेतले. आठवी एव्हाना विडीच्या कामाला लागली होती. तिने पैसे घेतले, पण पुन्हा दोऱ्याचे काम करणार नाही असे सांगितले. तिचे वेढे आठजणींत सर्वांत सफाईचे होते. सोलापुरात विडी वळण्याच्या कामात पैसा काही जास्त नाही, तंबाखूचा त्रास वेगळाच. तरीही तिला ते काम आमच्यापेक्षा भरवशाचे वाटले, ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही.

आमचे म्हणणे एवढेच की जो माल पुरवितो त्यानेच मालाचा दोष सोसावा, आणि कारागिराने फक्त आपल्या हाताचा. ही अट काम वाटताना तोंडी नव्हे, चिठ्ठीवर लिहून द्यावी. मजुरी नगावर ठरवायची तर ती घड्याळ लावून ठरवावी. एक नग समोर बसून करवून घ्यावा, वेळ मोजावा, मग बोलणी करावीत. नमुना बदलला की मजुरी पुन्हा ठरवावी. काही बंधू म्हणतात, घरबसल्या काम आहे, टीव्ही बघता बघता होते, त्याला कसला हिशोब? त्यांनी दोनशे वेढे एकदा स्वतः देऊन बघावेत. आम्ही दिले. साठाव्या वेढ्यानंतर बोट बधिर होते आणि टीव्हीकडे बघितले की वेढा चढतो.

सरकारी बाजूही जाणून घ्यावी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा धंदे घेतले, त्यांत सोनार आहे, शिंपी आहे, फुलांचे हार करणारा माळीही आहे. अवजारांसाठी पंधरा हजारांची मदत आणि कमी व्याजाचे कर्ज आहे. पटवेगाराचे नाव त्यात नाही. सोने घडविणारा कारागीर आणि सोने ओवणारा कोणीच नाही, हा न्याय आम्हांस समजत नाही. आपल्या जमातींच्या संघटनांनी यासाठी अर्ज-विनंत्या केल्या पाहिजेत. इमिटेशन दागिन्यांवर जीएसटी तीन टक्के आहे. वर्षाची उलाढाल चाळीस लाखांच्या आत असेल तर साधारणतः नोंदणीची सक्ती नाही, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून असा छोटा विक्रेता आपल्या राज्यापुरता माल ऑनलाइन बाजारातूनही विकू शकतो, त्यासाठी फक्त पोर्टलवर नाव नोंदवून क्रमांक घ्यावा लागतो. कृत्रिम धाग्यावरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून बारावरून पाच टक्क्यांवर आला आहे. म्हणजे दोरा थोडा स्वस्त पडण्यास वाव आहे. ती बचत मजुरीत जाते की आमच्या गल्ल्यात, हे ज्याचे त्याने पाहावे.

यंदा आम्ही आपांकडून नवा नमुना करवून घेतला. ॲल्युमिनियमची साखळी, पक्क्या रंगाचा मर्सराइज्ड सुती दोरा, आणि मागे हूक न लावता अस्सल पटवेगारी गोंडा व सरकगाठ, म्हणजे तोच हार आखूड गळ्याच्या आणि लांब गळ्याच्या दोन्ही पोशाखांवर चालतो. हे सुचविले आपांनीच. घड्याळ लावले तर दोन तास लागले. मजुरी ऐंशी रुपये धरली, माल अडुसष्टचा, आमचे बावीस, एकूण एकशे सत्तर. मुंबईच्या त्या व्यापाऱ्यास भाव कळविला तेव्हा तो हसला आणि म्हणाला, एकशे तीसचा हार एकशे सत्तरला कोण घेणार? आम्ही त्यास साडेचारशेच्या चिठ्ठीची आठवण दिली. त्यावर त्याने विषय बदलला.

त्यानंतर गावातल्या दोन दुकानदारांनी तीस नग घेतले आहेत, तेही उधारीवर. त्यांची मजुरी आम्ही त्याच आठवड्यात चुकती केली. नमुना आमच्या गादीमागे खिळ्याला टांगलेला आहे. गेल्या जुम्याला आपांची धाकटी मुलगी रिळे न्यायला आली होती. तिने तो खाली काढून गोंडा उलटसुलट पाहिला आणि म्हणाली की एक वेढा सैल आहे, घरी नेऊन नीट करून आणते. आम्ही तो तिच्या हाती दिला.