हसण्याची उधारी

2005 साली बीबीसीवर ‘एक्स्ट्राज’ नावाची मालिका आली. रिकी जर्वेस आणि स्टीफन मर्चंट या दोघांनी ती लिहिली. सिनेमाच्या सेटवर गर्दीत उभे राहून एखादे वाक्य तोंडी येईल म्हणून दिवसभर थांबणाऱ्या नटांची ही गोष्ट. तिचा नायक अँडी मिलमन गर्दीत उमेद गमावत असतानाच त्याला स्वतःची मालिका मिळते, पण अट अशी की डोक्यावर टोप चढवायचा, बावळट चष्मा लावायचा आणि तेच एक हमखास हशा पिकवणारे वाक्य म्हणत राहायचे. तो प्रसिद्ध होतो आणि स्वतःच्या नजरेतून उतरतो. त्याची मैत्रीण मॅगी शेवटी एक्स्ट्राचे काम सोडून साफसफाईच्या कामावर पोट भरते. पाहताना माणूस पोट धरून हसतो. पण लिहिणाऱ्यांनी प्रेक्षकाला सुटू दिलेले नाही. 2007 च्या अखेरच्या भागात अँडी कॅमेऱ्यात पाहून जो आरोप करतो, तो घरात बसून हा तमाशा बघणाऱ्या तुम्हाआम्हाला उद्देशून आहे.

हा आरोप लंडनला जितका लागू पडतो, त्याहून जास्त आमच्या रायपूरला लागू पडतो. नट घडवणारी माती या शहराच्या भोवती आहे, आणि त्या नटांना उपाशी ठेवणारा समाजही इथेच आहे.

रंगकर्मी हबीब तन्वीर 1923 साली रायपुरात जन्मले. ज्या लॉरी म्युनिसिपल शाळेत ते शिकले, ती आज माधवराव सप्र्यांच्या नावाने ओळखली जाते. ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे आणि 1900 साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे आपले सप्रे. लंडनला नाट्यशिक्षण घेऊन, युरोप पाहून हबीबसाहेब 1958 साली घरी आले, तेव्हा याच शाळेच्या मैदानावर त्यांनी रात्रभर नाचा पाहिला. नाचा म्हणजे छत्तीसगढचे लोकनाट्य. पुरुषच ‘परी’ होतो, डोक्यावर पितळी लोटा तोलत गिरकी घेतो. दोन ‘जोक्कर’ पाटलापासून पंडितापर्यंत कोणालाही सोडत नाहीत. तबला, चिकारा, मंजिरा यांच्या साथीने पहाट होते, आणि उजाडल्यावर हीच माणसे धानाच्या बांधावर चिखलात उतरतात. त्या मंडळींतले सहा जण हबीबसाहेबांनी दिल्लीला नेले आणि ‘मिट्टी की गाडी’ हे नाटक उभे केले. 1959 साली ‘नया थिएटर’ स्थापन झाले. 1973 साली रायपुरात महिनाभराचे नाचा शिबिर झाले. 1975 मध्ये ‘चरणदास चोर’ आले आणि 1982 साली त्याच नाटकाने एडिनबराच्या महोत्सवात ‘फ्रिंज फर्स्ट’ पुरस्कार मिळवला. ठाकुरराम, मदनलाल निषाद, भुलवाराम, लालूराम, फिदाबाई ही नावे जगभरच्या नाट्यरसिकांना कळली.

राजनांदगावजवळच्या मोहाऱ्याचे गोविंदराम निर्मलकर हे त्यांच्यातलेच. चरणदासची भूमिका त्यांनी वर्षानुवर्षे गाजवली. खोटे न बोलण्याचे वचन पाळण्यासाठी प्राण देणारा चोर उभा करताना ते प्रेक्षकाला आधी हसवत आणि मग तेच हसू त्याच्या घशात अडकवत. 2009 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी जूनमध्ये हबीबसाहेब भोपाळला वारले, आणि ऑगस्टमध्ये छत्तीसगढ शासनाने ‘चरणदास चोर’च्या पुस्तकावर बंदी घातली. ज्या नाटकाने नटाला राष्ट्रपती भवनापर्यंत पोहोचवले, ते नाटक त्याच्याच राज्यात संशयित ठरले. गोविंदरामजींची अखेरची वर्षे आजारपणात आणि ओढगस्तीत गेली. 2014 साली ते वारले. मोठमोठे शोकसंदेश निघाले. घरात चूल कशी पेटते, हे त्याआधी पाच वर्षांत किती जणांनी विचारले होते?

आणि हे नवे नाही. नाचाला शिस्तीच्या मंडळीचे रूप देणारे दाऊ दुलारसिंग ‘मंदराजी’ हे रवेलीच्या मालगुजार घराण्यातले. 1928 च्या सुमारास त्यांनी रवेली नाचा पार्टी उभी केली, कलावंतांना एकत्र ठेवण्यासाठी शेतीवाडी खर्ची घातली आणि 1984 साली ते गरिबीत गेले. आज त्यांच्या नावाने राज्याचा सन्मान दिला जातो. महाराष्ट्रानेही हेच केले. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते पदके मिळाली, आणि 2002 साली त्या गेल्या तेव्हा त्यांच्या उपचाराचा खर्च भागवायला देणगीदार शोधावे लागले. पुढे त्यांच्या नावाने शासनाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला. जिवंतपणी बिल भरायला कोणी नाही, मेल्यावर नावाला गौरव: हा क्रम दोन राज्यांत, दोन भाषांत सारखाच आहे. याला मी योगायोग म्हणत नाही. हा आपला स्वभाव आहे, आणि तो निर्दय आहे.

2010 साली ‘पीपली लाइव्ह’ हा चित्रपट आला. वृत्तवाहिन्यांच्या बाजारावर इतका झोंबणारा विनोद हिंदी पडद्यावर क्वचितच झाला असेल. त्यात नत्था झालेले ओंकारदास माणिकपुरी याच मातीतले, ‘नया थिएटर’चे नट. आत्महत्या करीन म्हणणाऱ्या नत्थाच्या दारात वाहिन्यांच्या गाड्या रांगेने उभ्या राहतात, आणि शेजारी माती खणता खणता होरी महतो मरतो, त्याच्याकडे कॅमेरा वळत नाही. मला तो होरी नटांच्या जगातही दिसतो. आपण एका नत्थाला डोक्यावर घेतो. त्याच मंडळीत तबला वाजवणारा, परी होणारा, पडदा ओढणारा मात्र खड्ड्यातच राहतो.

आता रायपूर, दुर्ग, भिलाईची मुले हावडा-मुंबई मेलने मुंबई गाठतात. वर्सोव्याच्या आराम नगरात ऑडिशनच्या रांगेत छातीशी नंबराची पाटी धरून उभी राहतात. काम मिळाले तर पैसे नव्वद दिवसांनी, ही मालिकांच्या धंद्यातली राजरोस रीत. घरमालक नव्वद दिवस थांबत नाही, किराणावालाही नाही. 2020 च्या टाळेबंदीत या उधारीने नटांची घरे कशी बुडाली, ते देशाने पाहिले. त्याच वर्षी संसदेने कामगारांच्या सुरक्षिततेची जी संहिता संमत केली, तीत मालिकांत काम करणाऱ्यांना दृक्-श्राव्य कामगार मानून त्यांच्याशी लेखी करार बंधनकारक केला. कायदा नटाला कामगार म्हणतो. समाज म्हणतो ‘हौशी’. आणि गावातली नाचा मंडळी, उत्सवात नाटक करणारी पोरे, यांना तर कोणत्याच कागदाचा आधार नाही.

एका सार्वजनिक उत्सवाचा जमाखर्च माझ्या हातात पडला होता. मंडप, रोषणाई, ध्वनिक्षेपक, केटरर, छायाचित्रकार: प्रत्येकापुढे आकडा, आणि निम्म्यांना आगाऊ रक्कम दिल्याची नोंद. शेवटच्या ओळीत ‘कलाकार: शाल, श्रीफळ, अल्पोपहार’. ती संस्था वाईट माणसांची नव्हती. सुशिक्षित, सुखवस्तू, नाटकाची आवड असलेली ती माणसे होती. खुर्ची भाड्याने मिळते हे त्यांना कळत होते. संध्याकाळ हसवून टाकणारा माणूस तीन महिने तालीम करतो, त्या तीन महिन्यांत तोही जेवतो, हे त्यांना कळत नव्हते.

यावर उत्तर ठरलेले असते: कला ही साधना आहे, तिचा सौदा करू नये. मला हे उत्तर ऐकून चीड येते. डॉक्टरची विद्या साधना नाही का? वकिलाची नाही का? त्यांची फी आपण खाली मान घालून देतो. साधनेचे ओझे आपण फक्त त्याच्याच डोक्यावर ठेवतो, ज्याला नाही म्हणण्याची ताकद नाही. आणि ही ताकद कोणाला नाही, तेही पाहा. नाचाचे कलावंत बहुतेक भूमिहीन, दलित आणि मागास जातींतले. ‘चरणदास चोर’ची राणी झालेल्या फिदाबाई देवार समाजातल्या. रंगमंचावर राणी, गावात ‘नाचणारी’. जी बाई आपल्यासमोर गाते, तिला आपण पोटभर पाहतो आणि मग तिच्या चारित्र्याची चौकशी करतो. जो पुरुष साडी नेसून आपल्याला हसवतो, त्याला ‘नाच्या’ म्हणून हिणवतो. मजुरी बुडवणे सोपे जावे म्हणून माणसाची किंमत आधी पाडायची, ही जुनी सावकारी रीत आपण कलेच्या दारात आणली आहे.

नाटकाचे फुकट पास मागणे हा आपल्याकडे मान समजला जातो. आयोजक ओळखीचा म्हणून पास, नट नात्यातला म्हणून पास, पदाधिकारी म्हणून पहिली रांग. तिकीट काढून बसलेला माणूस मागे, आणि पैसे न देणारा पुढे. चित्रपटगृहात पॉपकॉर्नला शेकडो रुपये मोजणारा हाच गृहस्थ नाटकाच्या तिकिटाला महाग म्हणतो. अशा सभागृहात जो हशा पिकतो, तो उधारीचा हशा आहे.

कलावंताला दया नको आहे, त्याला त्याचा रोज हवा आहे. तेव्हा, वाचकहो, तुमच्या गणेशोत्सवाचे अंदाजपत्रक या वर्षी मांडाल, तेव्हा पहिली ओळ कलाकारांच्या मानधनाची लिहा आणि मंडपाची त्यानंतर. त्यांच्याशी दोन ओळींचा का होईना, कागद करा. तबलेवाल्यापासून पडदा ओढणाऱ्यापर्यंत प्रत्येकाचे पाकीट पडदा उघडण्याआधी त्याच्या हातात द्या, आणि स्वतः तिकीट काढून आत बसा.