कंटाळ्याला पगार द्यावा लागत नाही

आमच्या सीमाभागातल्या लिहित्या मंडळींना अलीकडे एक दुखणे जडले आहे. दिवाळी अंकासाठी लेख मागायला जावे, तर ललित देतो म्हणतात, प्रवासवर्णन देतो म्हणतात, फार आग्रह केला तर एखादे व्यक्तिचित्रही देतो म्हणतात. पण राजकारणाचे नाव काढले की हात जोडतात. "तेच पुढारी, तेच निवेदन, तीच आश्वासने. तीस वर्षे लिहिले, आता लिहवत नाही. आणि लिहून होतंय तरी काय ओ?" असा त्यांचा सवाल असतो. हा सवाल ऐकला की समोरचा संपादक मान डोलावतो, चहा मागवतो आणि प्रवासवर्णन घेऊन परत येतो. अशाने आमच्या अंकांत हिमालय वाढत चालला आहे आणि खानापूर तालुका आटत चालला आहे.

ही तक्रार अगदीच खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. आमचे राजकीय लेखन पंचांगाने बांधलेले आहे. १७ जानेवारीला १९५६ च्या हुतात्म्यांवर लेख, १ जूनला १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांवर लेख, १ नोव्हेंबरला काळ्या दिनाचा लेख, हिवाळी अधिवेशन आले की महामेळाव्याचा लेख. निवडणूक लागली की 'आता तरी एक व्हा' हा लेख, निकाल लागला की 'एक का झालो नाही' हा लेख. साल बदलले तर मागच्या वर्षीचा लेख यंदा खपून जाईल, आणि काही ठिकाणी तो खपलाही असेल! असे लिहिणाऱ्याला कंटाळा आला नसता तरच नवल. पण याचा अर्थ विषय शिळा झाला असा होतो की आपण रांधलेले शिळे झाले असा होतो, हे तपासल्याशिवाय हात धुऊन मोकळे होणे बरे नव्हे.

प्रथम हे पाहू, की आपल्या कंटाळ्याचा लाभ कोणाला होतो. १९५६ साली राज्य पुनर्रचना झाली. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला. १९६७ साली त्याचा अहवाल आला. त्याने २६४ गावे महाराष्ट्राकडे आणि २४७ गावे कर्नाटकाकडे द्यावीत असे सुचवले, बेळगाव मात्र होते तिथेच ठेवले. महाराष्ट्राला तो अहवाल मान्य झाला नाही. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. २००६ साली कर्नाटक विधिमंडळाचे पहिले अधिवेशन बेळगावात भरले, २०१२ साली सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन झाले, २०१४ साली गावाचे सरकारी नावच बदलले. दाव्याला वीस वर्षे उलटली, तेव्हाही निकाल लागलेला नव्हता. या साऱ्या कालगणनेत एक गोष्ट लक्षात घ्या. ज्या पक्षाला प्रश्न सोडवायचा नसतो, त्याला वादविवाद जिंकावा लागत नाही. समोरचा थकेपर्यंत नुसते बसून राहावे लागते. पोलीस ठेवायचे तर पगार द्यावा लागतो, गुप्तहेर ठेवायचे तर भत्ता द्यावा लागतो. कंटाळ्याला काहीच द्यावे लागत नाही. तो आपल्याच घरात जेवतो, आपल्याच खुर्चीत बसतो आणि काम मात्र दुसऱ्याचे करतो.

कोणी म्हणेल, अहो, स्फूर्ती नसताना लिहायचे कसे? या स्फूर्ती नावाच्या बाईने मराठी लेखकाचे फार नुकसान केले आहे. मृग निघाला की शेतकरी तिची वाट पाहत बांधावर बसत नाही. गेल्या वर्षी हेच भात पेरले होते, यंदा पुन्हा तेच काय पेरायचे, असेही तो म्हणत नाही. आपला कीर्तनकार घ्या. आख्यान तेच, अभंग तेच, श्रोत्यांतल्या म्हाताऱ्यांना शेवटही पाठ. पण चांगला बुवा पूर्वरंगात कालच्या बाजारातला दाखला असा आणून बसवतो, की म्हातारीही पदर सावरून पुढे सरकते. वाईट बुवाला कंटाळा येतो आणि तो दोष आख्यानाला देतो. आमच्या राजकीय लेखकांनी आपण यांतले कोणते बुवा आहोत हे एकदा ठरवावे.

आपल्या पूर्वसूरींना कंटाळण्याची कारणे काय थोडी होती? टिळकांना १८९७ साली राजद्रोहाखाली शिक्षा झाली. सुटून आल्यावर त्यांनी १८९९ च्या जुलैमध्ये 'पुनश्च हरिः ॐ' या मथळ्याने 'केसरी'त पुन्हा लेखणी धरली. त्या मथळ्यातच सारे आले. नव्याने काही सांगायचे आहे असा त्याचा आव नाही. थांबले होते ते पुन्हा सुरू करतो आहे, एवढेच ते सांगतो. शिवरामपंत परांजप्यांनी १८९८ साली 'काळ' काढला. सरळ लिहिले तर कायदा गाठणार, म्हणून त्यांनी वक्रोक्ती इतकी घासूनपुसून धारदार केली, की सरकारला ती समजायला वेळ लागे आणि वाचकाला मात्र लागलीच समजे. अखेर १९०८ साली शिक्षा झालीच. हेच शिवरामपंत १९२९ साली आमच्या बेळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली 'बहिष्कृत भारत' सुरू केले, तेव्हा हाताशी ना पैसा होता ना लिहिणारी माणसे; पाक्षिकाचा बहुतेक मजकूर ते स्वतःच लिहीत. जो अन्याय हजारो वर्षे तसाच चालत आला, त्यावर दर पंधरवड्याला लिहिताना 'तेच ते' म्हणायचा अधिकार कोणाला असेल तर तो त्यांना होता. त्यांनी तो वापरला नाही. दर वेळी नवा दाखला, नवा कायदा, नवा पुरावा काढला. विषय एकच राहिला, लेख एकच राहिला नाही.

आणि इथेच आमच्या दुखण्याचे खरे निदान आहे. आम्ही राजकारणावर लिहून कंटाळलेलो नाही; राजकारणावर आम्ही लिहितोच कुठे? आम्ही पुढाऱ्यांवर लिहितो. कोण कोणाच्या व्यासपीठावर गेला, कोणी कोणाचा हार स्वीकारला, कोणत्या गटाने कोणत्या गटाला गद्दार म्हटले, यावर रकानेच्या रकाने. २०१८ साली आणि २०२३ साली विधानसभेत महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार निवडून गेला नाही. त्यावर आम्ही दोन्ही वेळा तेच अश्रू ढाळले. पण मराठी मतदार मराठी उमेदवाराला सोडून का जातो, त्याला ग्रामपंचायतीत काय हवे असते, त्याच्या उसाचे पैसे कधी मिळतात, त्याच्या मुलाला नोकरीच्या अर्जात कुठे अडते, हे विचारायला किती लेखक गावात गेले? घरात बसून पुढाऱ्यावर लिहिले की कंटाळा येणारच. पुढारी मुळातच फारसा वाचनीय नसतो.

एक उदाहरण घेऊ. म्हादई आमच्या खानापूर तालुक्यात उगम पावते आणि गोव्यात जाते. कणकुंबीला मलप्रभेचाही उगम आहे. कळसा आणि भंडुरा या नाल्यांचे पाणी मलप्रभेत वळवायचे, या वादात गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र तिघेही लवादापुढे उभे राहिले. १४ ऑगस्ट २०१८ रोजी लवादाने कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी, म्हणजे तितके अब्ज घनफूट, पाणी दिले. इकडे १३.४२ या आकड्यावर ढोल वाजले, तिकडे गोव्यात त्याच आकड्यावर छाती बडवली गेली. पण त्यातले ८.०२ वीजनिर्मितीसाठी आहे, आणि वळवायला मिळाले आहे ते कळसा-भंडुरा मिळून ३.९०, हे आमच्या मराठी वाचकाला बसवून समजावणारे लेख किती निघाले? ज्या गावांच्या रानातून हे पाणी जाते ती गावे मराठी बोलतात. गोव्यात ते पाणी पिणारेही मराठी वाचतात. म्हणजे दोन्ही तीरांवर आमचाच वाचक उभा आहे आणि आमचा लेखक मात्र 'विषय नाही' म्हणून मनालीला गेला आहे.

दुसरे उदाहरण याहून साधे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ आणि ३५०-ब ही कलमे आली. पहिले कलम मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला सांगते. दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त नेमला गेला. ज्या भागात अल्पसंख्याकांची भाषा बोलणारे १५ टक्के किंवा त्याहून अधिक असतील, तिथे महत्त्वाची सरकारी परिपत्रके आणि सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, असे ठरलेले आहे. आता आपापल्या गावच्या तलाठ्याकडे, तहसील कचेरीत, सरकारी दवाखान्यात, रेशन दुकानावर जाऊन बघा आणि कोणती पाटी कोणत्या भाषेत आहे ते वहीत टिपून घ्या. पुढल्या वर्षी पुन्हा जा आणि पुन्हा टिपा. सात-बारा वाचता येत नाही म्हणून कोण कोणाकडे किती पैसे देऊन तो वाचून घेतो, ते विचारा. मराठी शाळेत मंजूर शिक्षक किती, हजर किती, ते मोजा. असा लेख लिहिणाऱ्याला कंटाळा यायला सवडच होणार नाही. आणि त्या लेखाला निवेदनासारखी केराची टोपली दाखवणेही सोपे नाही, कारण मोजलेल्या गोष्टीला उत्तर द्यावे लागते; ओरडलेल्या गोष्टीला द्यावे लागत नाही.

शिवाय या वहीतून आणखी एक गोष्ट साधते. उसाचा काटा मारला जातो तेव्हा शेतकऱ्याची मातृभाषा विचारून मारला जात नाही. शेजारचा कानडी शेतकरी त्याच रांगेत उभा असतो. त्याचे आणि आपले एक दुखणे मराठीत नीट लिहिले गेले, तर ते कानडीतही जाईल. द्वेषावर लिहिणारा लेखक लवकर थकतो, कारण द्वेषाला नवी माहिती लागत नाही आणि म्हणून त्यात वाढायला काही नसते. हक्कावर लिहिणाऱ्याला रोज नवा कागद वाचावा लागतो. ताजेपणा टिकवायचा असेल तर एवढाच काढा आम्हाला ठाऊक आहे.

आता वाचकहो, थोडे तुमच्याकडेही वळतो. लेखक थकतो तो सगळाच सरकारमुळे थकत नाही. निम्मा तुमच्यामुळे थकतो. लेख चांगला वाटला तर तुम्ही लग्नात भेटल्यावर सांगता. संपादकाला दोन ओळी लिहीत नाही. लेख चुकला तर कट्ट्यावर बोलता, छापायला पाठवत नाही. मुले कानडी किंवा इंग्रजी शाळेत जातात, याला आमचा विरोध नाही. पोट आहे, नोकरी आहे. दोन-तीन भाषा येणे हे सीमाभागाचे वैभवच आहे. पण संध्याकाळी घरात गावच्या पाण्याची, शाळेची, जमिनीची चर्चा कोणत्या भाषेत होते? ती कानडीत ऐकलेली आणि इंग्रजीत वाचलेली असेल, तर मराठीला उरते काय? आरत्या, ओव्या, डोहाळजेवण आणि शिव्या. ज्या भाषेत सत्तेला जाब विचारला जात नाही ती भाषा मरत नाही. ती स्वयंपाकघरात जाऊन बसते आणि बाहेर पाहुणे आले की गप्प राहते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या मराठी घरांनी हे आमच्याही आधी अनुभवले आहे. राजवाड्यातली मराठी देवघरात कशी गेली, ते त्यांना विचारावे.

म्हणून 'तेच ते' या आक्षेपाला आमचे शेवटचे उत्तर ऐका. तुम्हाला ते तेच आहे. वाचकाला तेच नाही. २००४ साली दावा दाखल झाला त्या वर्षी जन्मलेले पोर आज मतदार आहे. १९४६ साली याच बेळगावच्या साहित्य संमेलनात, माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला हे त्याला कोणी सांगितलेले नाही. २०२२ च्या डिसेंबरात दोन्ही विधिमंडळांनी एकमेकांविरुद्ध ठराव केले, तेव्हा त्याने फक्त बसवर फासलेले काळे पाहिले. त्यामागची सहासष्ट वर्षे त्याला दिसली नाहीत. दर वर्षी अठरा पुरी केलेली नवी मुले पहिल्यांदा हा लेख वाचायला उभी असतात आणि दर वर्षी आपण त्यांना सांगतो, की आम्ही हे मागेच लिहिले आहे, रद्दीत शोधा!

ज्याला खरेच थकवा आला असेल त्याने अवश्य विसावा घ्यावा. एक वर्ष दुसऱ्याने लिहावे, लिहिणाऱ्यांनी पाळी लावून घ्यावी. आपली कात्रणांची फाईल तरुणाच्या हाती द्यावी, त्याला कचेरीचा रस्ता दाखवावा, आणि मग खुशाल हिमालयात जावे. पण फाईल कपाटात कुलूप लावून ठेवायची, तरुणाला 'काही उपयोग नाही रे' म्हणायचे आणि आपल्या आळसाला वैराग्याची शाल पांघरायची, याला विसावा म्हणत नाहीत. याला पाठ दाखवणे म्हणतात, आणि ती पाठ कोणाला दिसते आहे हे पुरते ओळखून दाखवणे म्हणतात.

पुढल्या दिवाळीला लेख मागायला पुन्हा येणार आहोत. प्रवासवर्णनही घेऊ, मात्र प्रवास आपल्या घरापासून तहसील कचेरीपर्यंतचा असावा.