मुळी विका, बातमी विकू नका

हकीम जिला असगंद म्हणतात आणि वैद्य अश्वगंधा, ती मुळी मध्य प्रदेशातील नीमचच्या मंडीत पोत्यांनी येते. भाव ठरतो तो जाडी, लांबी आणि रंग पाहून. आत काय आहे, हे सहसा कोणी विचारत नाही.

ते म्हैसूर विद्यापीठाच्या संशोधकांनी विचारले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांनी या मुळीतून एक ग्लायकोप्रोटीन, म्हणजे साखरेचे रेणू जोडलेले प्रथिन, वेगळे केले. नाग व घोणस यांच्या विषातील हायलुरोनिडेज हे विकर ऊतींचे बंध सैल करून विषाला वाट करून देते. प्रयोगशाळेत या प्रथिनाने ते विकर रोखले.

व्यापाऱ्याची कसोटी येथेच लागते. अशी बातमी वाचून पुडीवर ‘सर्पविषावर गुणकारी’ असे छापण्याचा मोह होतो. पण शुद्ध केलेले प्रथिन वेगळे आणि चमचाभर चूर्ण वेगळे. प्रथिने बहुधा उष्णतेने बिघडतात आणि पोटात गेल्यावर पचून जातात. चीनमध्ये तिएनहुआफेन या मुळीतील ट्रायकोसँथिन हे प्रथिन गर्भपातासाठी वापरले गेले, तेही इंजेक्शनने; शिवाय त्याची तीव्र अ‍ॅलर्जी होऊ शकते. साप चावलेल्या माणसाला रुग्णालयातील प्रतिविषच हवे. पुडीवर विसंबून त्याचा एक तास वाया गेला, तर त्या नफ्याला काय म्हणायचे?

मग व्यापाऱ्याने काय करावे? मुळीत पिष्ट भरपूर, प्रथिन थोडे. अर्क काढणे, स्तंभातून घटक वेगळे करणे, जेलवर आकार तपासणे, मास स्पेक्ट्रोमीटरने ओळख पटवणे, हे सारे अखेर मूळ मालावर अवलंबून असते. मुळी भेसळीची किंवा बुरशी लागलेली असेल, तर उत्तम यंत्रही चुकीचेच उत्तर देईल.

म्हणून प्रत्येक पोत्याबरोबर तीन गोष्टी लिहून द्याव्यात: मुळी कोणत्या गावची, कधी खणली आणि कशी वाळवली. छोट्या दुकानदारांना एकेकट्याने तपासणी परवडत नसेल, तर दहा जणांनी मिळून नमुना तपासून घ्यावा. अशा मालाला जादा भाव मागता येईल आणि त्यातला वाटा शेतकऱ्याला देता येईल.

खोट्या दाव्याचे गिऱ्हाईक एकदाच येते. खऱ्या मालाचे गिऱ्हाईक पुन्हा येते, आणि चार जणांना घेऊन येते.