सिंहगड ते तोरणा, पायी

दिवाळीनंतर हवा निवळते आणि पुण्यातल्या शाळांमध्ये सहलींची चर्चा सुरू होते. बहुतेक सहली बसच्या खिडकीतूनच संपतात. सिंहगड-राजगड-तोरणा ही वाट मात्र पायांनीच कापावी लागते.

सिंहगडाच्या कल्याण दरवाज्यातून उतरायचे, विंझरच्या बाजूने खोरे ओलांडून राजगड चढायचा आणि संजीवनी माचीवरून डोंगरधारेने तोरण्याची बुधला माची गाठायची. सराईत भटके ही वाट एका दमात मारतात. शाळकरी मुलांना तीन दिवस द्यावेत. तोरणा १४०३ मीटर उंच, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. रायगडाआधी राजधानी असलेला राजगड २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी पुस्तकातल्या चित्रात कळत नाही. तिच्या कडेने चालणाऱ्या सातवीतल्या मुलीला ती लगेच कळते.

गिर्यारोहणाची परंपरा पुण्याला नवी नाही. उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली ‘गिरिप्रेमी’ या इथल्या गिर्यारोहण संस्थेने २०१२ मध्ये एव्हरेस्ट मोहीम यशस्वी केली. त्या अनुभवाचा लाभ शाळांनी घ्यायला हवा.

धोका आहेच. धारेवर सावली कमी, पाण्याची टंचाई, घसारा भरपूर. म्हणून तर राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले, त्यात आयोजकांची नोंदणी सक्तीची केली. पालकांनी सहलीच्या शुल्काआधी विचारावे : आयोजक नोंदणीकृत आहे का, प्रथमोपचार जाणणारे सोबत किती, आणि मूल थकले तर खाली उतरवायची वाट कोणती?